ताडकळस : एका नावाचा अर्थ, एका अक्षराचे मोल

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात नामांतराची चर्चा पुष्कळ झाली. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या निर्णयांच्या बाजूने आणि विरुद्ध सभा झाल्या, मोर्चे निघाले, न्यायालयात याचिका दाखल झाल्या. शहरांच्या नावांविषयी समाज इतका जागरूक असावा, हे एका अर्थी चांगलेच म्हटले पाहिजे. परंतु या राज्यात चाळीस हजारांहून अधिक खेडी आहेत. त्यांची नावे कोणा राजाने ठेवलेली नाहीत आणि कोणी पुढारी ती बदलण्याची मागणीही करीत नाही. तरीही ती बदलत आहेत. ती विधिमंडळाच्या ठरावाने बदलत नसून कारकुनी हलगर्जीपणाने, परभाषेतील लेखनाने आणि आपल्या उदासीनतेने बदलत आहेत. या मूक नामांतराकडे लक्ष वेधावे, हा या लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव घेऊ.

नावाची फोड

गोदावरी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ताडकळस वसले आहे. नाव ऐकताच त्याचे दोन भाग कोणालाही वेगळे दिसतात : ताड आणि कळस. दोन्ही शब्द मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीचे. ताड हा उंचीचा मानदंड; 'ताडमाड' हा शब्द आपण उंच माणसासाठी वापरतो. कळस हा संस्कृत 'कलश' शब्दाचा मराठी अवतार. संस्कृतातील 'श'चा प्राकृतात 'स' झाला आणि दोन स्वरांच्या मधल्या 'ल'चा मराठीत 'ळ' झाला. फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ या जोड्यांत जो नियम दिसतो, तोच येथे आहे. म्हणजे या नावातला 'ळ' हा कोणाच्या लहरीने आलेला नाही. हजार-बाराशे वर्षांच्या भाषिक घडणीची ती खूण आहे.

नाव ऐकणाऱ्याच्या मनात पहिले चित्र उभे राहते ते देवळाचे. ताडासारखा उंच कळस असलेले गाव ते ताडकळस, असा अर्थ लावण्याचा मोह सहज होतो. तो अर्थ सुंदर आहे, भक्तिभावाला रुचणारा आहे. पण स्थलनामांच्या अभ्यासात सुंदर अर्थाकडे थोड्या संशयानेच पाहावे लागते. एकाच नावाकडे टक लावून बसण्याऐवजी त्याच्या शेजारच्या नावांकडे पाहिले की अधिक उलगडा होतो. अर्थशास्त्रात एका वस्तूची किंमत एकटी पाहून काही कळत नाही, इतर वस्तूंच्या किमतींशी तुलना करावी लागते. तसेच हे आहे.

आता शेजारची नावे पाहू. परभणी जिल्ह्यातच मानवत तालुक्यात ताडबोरगाव आहे. याच जिल्ह्यात ताडपांगरी आहे. बीड जिल्ह्यात ताडसोन्ना आणि जालना जिल्ह्यात ताडहादगाव आहे. या सर्व नावांत 'ताड' पुढे लागला आहे, आणि त्यामागचा भाग हे स्वतःच एक गावाचे नाव आहे. बोरगाव, पांगरी, हादगाव ही नावे मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळतात. तोच न्याय लावला तर 'कळस' हेही मुळात गावाचेच नाव असले पाहिजे. आणि तसे ते आहेही. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात कळस नावाचे गाव आहे, अकोले तालुक्यात कळस आहे, पुणे शहराच्या उत्तर अंगालाही कळस आहे. तेव्हा ताडकळस म्हणजे ताडाएवढा कळस नव्हे, तर 'ताडांचे कळस' होय. एका नावाच्या अनेक गावांतून हे एक गाव ओळखू यावे म्हणून त्याच्या ताडाच्या झाडांची खूण नावाला जोडली गेली, हा तर्क अधिक सयुक्तिक ठरतो. देवळाचा कळस यात नाहीसा होत नाही. तो 'कळस' या मूळ ग्रामनामात आहेच. फक्त 'ताड' हे उंचीचे विशेषण नसून ओळखीचे चिन्ह आहे, एवढाच फरक.

ही पद्धत मराठवाड्याला नवी नाही. शिरूर नावाची गावे अनेक झाली म्हणून एक शिरूर कासार झाले, दुसरे शिरूर ताजबंद, तिसरे शिरूर अनंतपाळ. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली की थोरले ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसी आहेत, पण आज ते फारसी आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वसुलीच्या वहीत दोन गावांची रक्कम एकमेकांत मिसळू नये, ही त्यामागची साधी व्यावहारिक गरज होती. नाव हे प्रथमतः ओळखीचे साधन असते. अभिमानाचा विषय ते पुढे होते.

नावांतील आर्थिक इतिहास

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने या फंदात का पडावे, असे एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर असे की, ज्या काळाचे आकडे आपल्यापाशी नाहीत, त्या काळाचा आर्थिक इतिहास गावांच्या नावांत साठलेला आहे. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, चिंचोली, पांगरी, पळसगाव, बाभळगाव, हिवरा, टेंभुर्णी, उमरी, जांब ही नावे एका ओळीत मांडली की कापूस, ऊस आणि सोयाबीन यांच्या आधीचा मराठवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. यातील कित्येक झाडे आज त्या त्या गावात शोधूनही सापडणार नाहीत. झरी या नावात पाणी आहे. गंगाखेड या नावात गोदावरीला गंगा म्हणणारी श्रद्धा आहे आणि 'खेड' या शब्दात वस्तीचा आकार आहे. सोनपेठ या नावातील 'पेठ' तेथील बाजाराची साक्ष देते. 'कसबा' हा शब्द परगण्याच्या मुख्य ठिकाणाची खूण सांगतो, 'तांडा' हा शब्द लमाणांच्या बैलांवरून चालणाऱ्या जुन्या मालवाहतुकीची आठवण देतो, आणि लातूर, देगलूर यांतील शेवटचा 'ऊर' कानडी-तेलुगू शेजाराशी असलेले आपले नाते सांगतो.

'ताड' या शब्दालाही अशीच आर्थिक बाजू आहे. ताडाचे झाड सावलीसाठी कोणी लावीत नाही. त्याची पाने छपराला आणि पंख्यांना लागत, फळातील गर खाल्ला जाई, खोड बांधकामाला येई, आणि त्याच्या रसाची ताडी होई. ताड आणि शिंदी या दोन झाडांवर सरकारचे लक्ष असे, कारण हैदराबाद संस्थानच्या उत्पन्नात आबकारीचा वाटा मोठा होता. झाडावर कर, काढणीवर कर, विक्रीचा मक्ता, असा तो व्यवहार चाले. ज्या गावात ताड होते ते गाव सरकारदरबारी वेगळे ओळखले जाण्याला कारण होते. गावाच्या नावाला लागलेला 'ताड' या दृष्टीने पाहिला म्हणजे तो केवळ शोभेचा शब्द राहत नाही.

इतिहासात आणखी मागे गेलो तर नाव आणि व्यापार यांचा संबंध अधिकच स्पष्ट होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत दख्खनच्या दोन बाजारपेठा येतात : पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे त्यात सांगितले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असे. तगर म्हणजे आजचे तेर. परक्या लिपीत, परक्या कानाने टिपलेली ही दोन नावे दोन हजार वर्षांनंतरही ओळखू येतात. ती ओळखू आली म्हणूनच मराठवाड्याचा रोमशी चाललेला व्यापार आपण अभिमानाने सांगू शकतो. नाव हरवले असते तर तो व्यापारही आपल्या खात्यावर जमा झाला नसता.

झिजलेली नावे आणि लादलेली नावे

नावे बदलूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. ती बदलतातच. प्रतिष्ठानचे पैठण झाले, भोगवर्धनचे भोकरदन झाले, वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम आणि पुढे वाशीम झाले. राष्ट्रकूट राजे ज्या लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणून स्वतःला मिरवीत, ती नगरी म्हणजे आजचे लातूर. परंतु हा बदल नदीतील गोट्याच्या झिजेसारखा आहे. शेकडो पिढ्यांच्या जिभेवरून जाताना शब्दाचे कोपरे गळतात, पण आतला दगड तोच राहतो. या झिजेला नियम असतात, आणि त्या नियमांमुळेच शिलालेखातील गाव आणि आजचे गाव यांची गाठ घालता येते. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटांतील गावे नकाशावर निश्चित केली, शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांचे वाचन केले, त्याच्याही आधी वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांच्या व्युत्पत्तीचा पाठपुरावा केला, ते याच आधारावर.

दुसऱ्या प्रकारचा बदल हुकमाने होतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. त्याचा मुलगा फत्तेखान याने १६२६ मध्ये त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेबाने त्याला औरंगाबाद केले. आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. देवगिरीचे दौलताबाद झाले ते महंमद तुघलकाच्या काळात. अंबाजोगाईला निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत, पण लोकांच्या तोंडी जोगाईचे आंबे कायम राहिले आणि राजवट गेल्यावर जुनेच नाव सरकारदप्तरात परत आले. हुकमाने आलेली नावे हुकमाने जाऊ शकतात. तो राजकीय निर्णय असतो आणि राजकारणानेच तो होतो. त्याविषयी मतभेद असणे स्वाभाविक आहे. या लेखाचा तो विषय नाही.

तिसऱ्या प्रकारचा बदल मात्र ना जिभेने होतो, ना हुकमाने. तो लेखणीच्या, आणि आता संगणकाच्या कळफलकाच्या, निष्काळजीपणाने होतो. ताडकळस हे नाव रोमन लिपीत गेले की त्यातले 'ळ' हे अक्षर नाहीसे होते, कारण त्या लिपीत त्याला जागा नाही. तेथून ते देवनागरीत परत येते तेव्हा 'ताडकलस' होऊन येते. कधी 'तडकलस' होते, कधी 'टाडकलास' होण्यापर्यंतही मजल जाते. एकदा आपल्या लिपीतून बाहेर गेलेले नाव परत येताना वेगळेच होऊन येते, आणि आपण ते तसेच स्वीकारतो. वसमत हे गाव रेल्वेच्या पाटीवर 'बसमत' होते, तेव्हाही हेच घडलेले असते.

एका 'ह'साठी चाललेला वाद

अशा एका अक्षराला जग किती महत्त्व देते याचे एक उदाहरण दूरच्या न्यूझीलंडमध्ये घडले आहे. त्या देशाच्या उत्तर बेटावर व्हांगानुई नावाची नदी आहे आणि तिच्या मुखाशी त्याच नावाचे शहर आहे. हे नाव तेथील मूळच्या माओरी लोकांचे. 'व्हांगा' म्हणजे खाडी किंवा बंदर आणि 'नुई' म्हणजे मोठे. म्हणून व्हांगानुई म्हणजे मोठी खाडी. माओरी परंपरेत आणखी एक अर्थ सांगतात. हाऊ नावाचा पूर्वज आपल्या पळून गेलेल्या पत्नीच्या शोधात किनाऱ्याने निघाला. वाटेत लागलेल्या प्रत्येक नदीला त्याने आपल्या अनुभवावरून नाव दिले. या रुंद नदीपाशी त्याला फार काळ थांबावे लागले, आणि 'व्हांगा'चा दुसरा अर्थ थांबणे असाही आहे. पुढे एक नदी पाहून त्याच्या हृदयाचा ठोका चुकला, म्हणून ती मानावतू. ताडकळसच्या नावात जसे देऊळ आणि झाड शेजारी उभे आहेत, तसेच तेथे भूगोल आणि कथा शेजारी उभ्या आहेत.

१८४० मध्ये इंग्रज वसाहतवाले तेथे आले. त्यांनी शहराला आपल्या कंपनीच्या एका संचालकाचे पीटर हे नाव दिले. ते लोकांच्या पचनी पडले नाही आणि १८५४ मध्ये मूळ माओरी नाव परत आले. पण येताना त्यातला 'ह' गळून 'वांगानुई' झाले. त्या भागातील माओरी बोलीत 'व्ह'चा उच्चार इतका मृदू होता की इंग्रजांच्या कानाला तो नुसता 'व' ऐकू आला आणि त्यांनी तसाच लिहिला. जवळजवळ दीडशे वर्षे ही चूक पाट्यांवर, नकाशांवर आणि टपालाच्या शिक्क्यांवर नांदली. १९९१ मध्ये नदीचे नाव दुरुस्त झाले. शहराचे मात्र होईना. २००६ मध्ये तेथील परिषदेने सार्वमत घेतले, तेव्हा मोठ्या बहुमताने लोकांनी 'ह' नको असा कौल दिला. सवयीचे बळ असे असते. पुढे देशाच्या भौगोलिक नाम मंडळाने सर्व बाजू ऐकून 'ह' असलेले रूपच बरोबर असल्याची शिफारस केली. २००९ मध्ये सरकारने दोन्ही रूपे चालतील, पण सरकारी खाती 'ह'सह लिहितील असा मध्यममार्ग काढला, आणि २०१५ मध्ये जिल्ह्याच्या नावातही तो 'ह' आला.

या वादातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, नावाचे शुद्ध रूप कोणते हे ठरविताना ते नाव ज्या भाषेचे आहे त्या भाषेचा शब्द अखेरचा मानावा. पाटी रंगविणाऱ्याची सोय किंवा वाचणाऱ्याची सवय ही त्यापुढे गौण होय. दुसरी अशी की, त्या देशाने यासाठी कायद्याने एक मंडळ नेमले आहे, आणि मूळ माओरी स्थलनामे गोळा करून ती अधिकृत नकाशांवर नोंदविणे हे त्या मंडळाचे कामच ठरविले आहे. २०१९ मध्ये त्या मंडळाने शेकडो माओरी नावे अधिकृत केली आणि त्यांपैकी अनेकांच्या अक्षरांवर दीर्घ उच्चाराची आडवी रेघ दिली. ह्रस्व-दीर्घावरून विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्या आपल्या समाजाला स्वतःच्या गावाच्या नावातील गेलेल्या अक्षराचे काहीच वाटू नये, याचा या पार्श्वभूमीवर विचार व्हावा.

'एवढ्याने काय बिघडते?'

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले, पोरांना नोकऱ्या नाहीत. अशा वेळी 'ळ' की 'ल' हा वाद रिकामटेकड्यांचा नव्हे काय? या आक्षेपाला उत्तर व्यवहारातूनच देता येईल. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलांची कागदपत्रे दरवर्षी हातांखालून जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गावाचे नाव एक, सातबारावर दुसरे, ओळखपत्रावर तिसरे, बँकेच्या पुस्तकावर चौथे असे आढळते. माणूस ही चारही नावे एकाच गावाची आहेत हे जाणतो. यंत्र जाणत नाही. त्याला 'ताडकळस' आणि 'ताडकलस' ही दोन वेगळी गावे वाटतात. मग मुलाच्या बापाला शपथपत्र करावे लागते, मुद्रांक विकत घ्यावा लागतो, एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागतात. चूक यंत्रणेची, आणि दंड शेतमजुराला. अर्थशास्त्रात ज्याला व्यवहारखर्च म्हणतात, तो येथे सर्वांत गरीब माणसाच्या अंगावर पडतो. एका अक्षराचे मोल रुपयांत सांगावे असे कोणी म्हणत असेल, तर ते असे सांगता येईल.

नावाला बाजारातही किंमत आहे. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याने गावाच्या नावाला कायदेशीर मालमत्तेचे स्वरूप दिले. पैठणीला हे मानांकन मिळाले, मराठवाड्याच्या केशर आंब्याला मिळाले, जालन्याच्या मोसंबीला मिळाले, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीलाही मिळाले. या सर्वांत मालाइतकेच महत्त्व नावाला आहे, कारण त्या नावाखाली दुसऱ्या कोणाला आपला माल विकता येत नाही. आता वसमत, बसमत, बसमथ अशी तीन-तीन रूपे जेथे रूढ आहेत, तेथे खरेदीदाराने कोणते रूप अस्सल मानावे? ज्या नावावर उद्या एखाद्या गावाचा शेतमाल विकला जाणार आहे, ते नाव आज एकसारखे लिहिले जाणे ही चैन नसून भांडवलाची निगा आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येईल. जुनी नावे जपायची म्हणजे जुने सगळेच जपायचे काय? या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध 'नाही' असे आहे. आपल्या खेड्यांत जातींवरून पडलेली वस्त्यांची नावे होती आणि काही ठिकाणी ती अद्यापि लोकांच्या तोंडी आहेत. माणसाला त्याच्या जन्मावरून गावकुसाबाहेर ठेवणारी ती नावे होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती बदलण्याचा निर्णय घेतला तो सर्वस्वी योग्य होता आणि त्याची अंमलबजावणी पूर्णत्वास गेली पाहिजे. त्या नावांनीही इतिहास सांगितला हे खरे. पण तो इतिहास पुस्तकात असावा, कोणाच्या घराच्या पत्त्यावर नसावा. जे नाव माणसाचा अपमान करते ते बदलावे, जे नाव माणसाच्या श्रमाने आणि बोलीने घडले ते सांभाळावे. हा विवेक ज्याला करता येतो, त्याला जुन्याचा अभिमान आणि नव्याची चाड या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बाळगता येतात.

करता येण्याजोगे काही

केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५३ मध्येच गावांच्या नामांतराविषयी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतिहासाशी निगडित असलेली नावे शक्यतो बदलू नयेत, केवळ स्थानिक अभिमानापोटी नामांतर करू नये, असे त्यांत सांगितले आहे. नाव बदलण्यासाठी इतकी खबरदारी घेणारे शासन, नाव चुकविण्याच्या बाबतीत मात्र काहीच खबरदारी घेत नाही. ही विसंगती दूर करण्यासाठी मोठा निधी लागत नाही, आंदोलनही लागत नाही.

पहिले काम ग्रामपंचायतीचे. आपल्या गावाचे, वाड्या-वस्त्यांचे आणि तांड्यांचे नाव मराठीत नेमके कसे लिहावे आणि रोमन लिपीत त्याचे एकच रूप कोणते असावे, याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि तो तहसील कार्यालयाकडे, शाळेकडे, टपाल कार्यालयाकडे व बँकेकडे पाठवावा. ताडकळससारख्या गावाला हा ठराव करण्यास एक बैठक पुरे. दुसरे काम शासनाचे. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून जनगणना घोषित झाली आहे आणि ती संगणकीय साधनांनी व्हावयाची आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक मिळाला. यंत्राला आकडा पुरतो, म्हणून नाव कसेही लिहावे, अशी वृत्ती त्यातून बळावण्याचा धोका आहे. आकडा यंत्रासाठी असावा, नाव माणसासाठी, आणि दोन्ही अचूक असावेत. 'ळ' या अक्षराला संगणकाच्या जागतिक वर्णसंचात स्वतंत्र स्थान आहे. तेव्हा यंत्रात ते येत नाही ही सबब आता चालण्यासारखी नाही.

तिसरे काम आपले, म्हणजे शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे. गावाचे नाव एवढे एकच नाव गावात नसते. शेतांना नावे असतात, ओढ्यांना असतात, पांदीला, विहिरीला, माळाला, बांधावरच्या एखाद्या एकट्या झाडालाही असतात. ही नावे कोणत्याही सरकारी नोंदीत नाहीत. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, शेताचे नाव नसते. ती नावे साठ-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या स्मरणात आहेत आणि त्यांच्याबरोबर ती जाणार आहेत. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी दुकानातून तक्ते विकत आणणाऱ्या विद्यार्थ्याने त्याऐवजी आपल्या आजोबांबरोबर एक दुपार शिवारात हिंडून शंभर नावे वहीत उतरवली, तर त्यात भूगोलही येईल, भाषाही येईल आणि अर्थशास्त्रही येईल. १९६७ मध्ये परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्यात जिल्ह्याची ठळक स्थळे आहेत, पण शिवारांची नावे त्या प्रकारच्या ग्रंथात येणे शक्यच नव्हते. ते काम गावानेच करावयाचे आहे.

यात आपण काही नवीन करू असेही नाही. सातशे वर्षांपूर्वी महानुभावांनी 'स्थानपोथी' लिहिली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, तेथे ते कोठे बसले, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला राहिले, हे त्यांच्या अनुयायांनी गावाच्या नावासह टिपून ठेवले. गोदावरीच्या खोऱ्यातील कित्येक गावांचा मराठीतील पहिला पत्ता त्या परंपरेत सापडतो. त्यांच्यापाशी ना सर्वेक्षण खाते होते, ना छापखाना. ज्या भूमीवर आपल्या गुरूचे पाऊल पडले तिचे नाव विसरायचे नाही, एवढा निश्चय त्यांच्यापाशी होता.

आपल्या बापजाद्यांचे पाऊलही याच भूमीवर पडले आहे. पुणे-मुंबईत नोकरीला गेलेला मराठवाड्याचा मुलगा आडनावापुढचा 'कर' जपतो, त्या आडनावातून बोरी, पाथरी, मानवत ही गावे त्याच्याबरोबर शहरात जातात. मग ज्या गावावरून ते आडनाव आले, त्या गावाच्या वेशीवरील पाटी तरी शुद्ध असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. ताडकळसचे ताड किती उरले हा वनीकरणाचा प्रश्न आहे. त्यावर स्वतंत्रपणे बोलता येईल. 'ळ' राखणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालावा, एवढीच या लेखाची सूचना आहे.